मामंजींची पिवळी मिरची

साठ साली लग्न होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आले, वेस्ट मांबलममधल्या तंजावरी मराठी घरात. सासूबाई बोलत ती मराठीच, पण निम्मी माझ्या डोक्यावरून जाई. त्यात ती मिरची!

मामंजी बंदराच्या कचेरीत कारकून. एका बोटीवरच्या आचाऱ्याने त्यांना पेरू देशातलं बी दिलं होतं. ते त्यांनी गच्चीवर तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलं. वाटाण्याएवढी पिवळीधमक मिरची, वास आंब्यालिंबाचा, आणि चावली की ब्रह्मांड आठवे. मी फळ समजून पहिल्याच दिवशी तीन खाल्ल्या. मामंजी हसून हसून बेजार झाले, मग धावत जाऊन माझ्यासाठी गूळ घेऊन आले.

सासूबाईंनी मात्र ती कधी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. "बोटीवरची वस्तू माझ्या चुलीला नको," असं एकदा बजावलं ते बजावलंच. मामंजी बिचारे दहीभाताचं ताट घेऊन गच्चीवर जात आणि झाडाशेजारी एकटेच जेवत.

पुढच्याच वर्षी ते गेले. दुसऱ्या महिन्यापासून सासूबाई त्या झाडाला रोज पाणी घालायला लागल्या. आता हे काय? मला काही उमजेना, आणि विचारायची सोय नव्हती.

वर्षश्राद्धाचा दिवस आला. श्राद्धाला मिरची वर्ज्य, तिखट काय ते मिऱ्याचं, हे मला त्यांनीच दहादा सांगितलेलं. आणि पाहते तो काय, बाई सोवळ्यात, ओंजळभर पिवळ्या मिरच्या घेऊन गच्चीवरून उतरताहेत! काकडीच्या दह्यातल्या कोशिंबिरीत त्यांनी त्या ठेचून घातल्यासुद्धा.

"अहो, आज?" मी म्हटलं.

"फळ आहे ते. वास घे हवा तर."

तीन खाल्लेल्या मला सांगतात! आमच्या यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगावं तर भर श्राद्धात रामायण, न सांगावं तर पाप माझ्या माथी. माझं डोकंच चालेना. शेवटी पानं मांडायला घेतली.

मामंजींच्या जागी जेवायला बसलेल्या भटजींना मी कोशिंबीर वाढली. पहिल्याच घासाला त्यांचे कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. जेवताना मौन, त्यामुळे बिचाऱ्यांना बोलताही येईना. त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोटांचा वास घेतला. गोंधळले होते अगदी. मग हळूच आणखी एक घास घेतला, आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून पुन्हा मागितली.

मी वळून पाहिलं. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. वर्षभरात त्यांच्या डोळ्यांत मी टिपूस पाहिलं नव्हतं. आता पदर पार भिजला होता.

"वाढ, सगळी वाढ," त्या मला म्हणाल्या. मग भटजींकडे बघून, अगदी हलक्या आवाजात, "गच्चीवर नका जाऊ. इथेच बसून जेवा."