हळदीच्या गोदामातला बँड

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली म्हणून मी सांगलीला आले. दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. हळदीचे भाव, कुणाचं बाळंतपण, कुणी गेल्याचा निरोप. संध्याकाळी खोलीवर आल्यावर ध्यानात यायचं, की आज आपल्याशी असं कुणी बोललंच नाही. आईवडील गेलेले, भाऊ दूर रत्नागिरीत त्याच्या संसारात. वडील शाळेत गाणं शिकवायचे. त्यांच्याकडून पेटी तेवढी माझ्याकडे आली होती.

खोलीच्या वाटेवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका संध्याकाळी तिथून काहीतरी निराळंच ऐकू आलं आणि मी थांबले. खाली सरळ ठोका, त्याच्यावर गिटार उड्या मारत चाललेली, आणि मध्येच एखादा सूर विहिरीत सोडल्यासारखा घुमत खोल जायचा. दुकानदार माझ्याच वयाचा, विट्याचा. त्याच्या घरचे सगळे सोनं गाळायच्या धंद्यात. थोरला भाऊ कलकत्त्याहून येताना जुन्या बाजारातल्या परदेशी रेकॉर्डी आणायचा.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"तुर्कस्तानचं म्हणत्यात. आन् ती तिकडची ब्राझीलची. भाषा कळत न्हाई, पण पाय हलतोय बघा." मग रेकॉर्ड उलटत म्हणाला, "तुमी वाजवता काय?"

"पेटी."

"मग ऑर्गन जमंल. एक पडून हाय माझ्याकडं."

असे आम्ही चौघे जमलो. तो स्वतः गिटार वाजवायचा. दोन टेपरेकॉर्डर जोडून त्यानं आवाज घुमवायची युक्ती केली होती. ड्रमवर साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार, पलटणीच्या बँडातले. जन्मभर परेडचा ठोका धरलेला, त्यामुळे त्या रेकॉर्डींमधला डिस्कोचा सरळ ठोका त्यांना शिकवावा लागला नाही. चौथा जतकडचा, धनगराच्या घरातला. मार्केट यार्डात हमाली करायचा आणि ढोल वाजवायचा. रविवारी हळदीचं एक गोदाम आम्हाला मोकळं मिळे. वाजवून उठलं की बोटं पिवळी झालेली असत.

सुरुवातीला मी दोन्ही हातांनी सगळं भरून काढायची. हवालदार एकदा काठ्या खाली ठेवून म्हणाले, "बाई, लय वाजवताय. जरा जागा सोडा की. आमीबी हाय हितं."

मग मी जागा सोडायला शिकले. तीन सूर, थांबायचं. त्या थांबण्यात ढोल यायचा, मग गिटार, मग पुन्हा मी. सगळ्यांनी थोडं थोडं वाजवायचं आणि मिळून गाणं व्हायचं. मला ते फार आवडायचं. पण वाजवणं संपलं की बोलणंही संपे. तिघे आपापल्या सायकलींवर बसून निघून जात. त्यांच्यापैकी कुणाचंही घर मी कधी पाहिलं नाही. एकट्या बाईला जेवायला कसं बोलवायचं, हे त्यांना कळत नसावं. मीही कधी चहाला थांबवलं नाही.

गणपतीत आष्ट्याच्या एका मंडळानं आम्हाला बोलावलं. मैदान संध्याकाळीच भरलं होतं. आम्ही वाजवू लागलो. लोक वाट बघत बसले. थोड्या वेळानं मंडळाचा एक कार्यकर्ता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, गाणं कवा सुरू हुणार?"

"हेच गाणं आहे."

"व्हय?" म्हणून तो गेला. बायका पोरांना उचलून निघाल्या, पाठोपाठ पुरुष. तेवढ्यात ढोलवाल्यानं त्यांच्या धनगरी गजनृत्याचा ठेका धरला. हवालदारांनी तो उचलला, गिटार त्यात शिरली. पुढे बसलेले पागोट्यातले चार म्हातारे उठले आणि हात वर करून संथपणे नाचू लागले. मागं मैदान रिकामं होत होतं. मी तीन सूर वाजवून थांबत होते, आणि दरवेळी कुणीतरी ती जागा भरत होतं. त्या वेळी मला कुणाचीच उणीव भासली नाही.

तो आमचा एकच कार्यक्रम. दिवाळीनंतर दुकान बंद करून गिटारवाला भावाकडे कलकत्त्याला गेला. "ऑर्गन तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला. हवालदार उसाच्या तोडणीला गावी गेले ते परत आले नाहीत. ढोलवाला मेंढरं घेऊन भावांबरोबर बाहेर पडला. भांडण नाही, निरोप नाही. मी दोन रविवार गोदामापर्यंत जाऊन आले. तिथं पोती लावलेली होती.

खोलीवर ऑर्गन वाजवून पाहिला. तीन सूर आणि पुढे नुसती शांतता. वडिलांनी शिकवलेलं एखादं पद वाजवता आलं असतं, पण हात तिकडे जाईनात.

पुढच्या वर्षी साताऱ्याला बदली झाली. ऑर्गन एका शाळेला दिला. साताऱ्यात माझ्या खोलीत सरकारी दवाखान्यातली एक नर्स राहायची, बोलकी, मायाळू. एकदा म्हणाली, "तुम्ही बँडमध्ये होता म्हणे? गाऊन दाखवा ना तुमचं गाणं."

मी तीन सूर गुणगुणले आणि थांबले.

ती वाट बघत राहिली. "मग पुढे?"

"पुढे दुसरे वाजवायचे," मी म्हटलं.

"अगंबाई," ती हसली, आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीच्या साडीला इस्त्री करायला उठली. मी दिवा तिच्या बाजूला सरकवून दिला.