आंब्याखालचा भुसा

गेले काही आठवडे मला एका जागी बसवत नाही. चहा अर्धा टाकून उठतो, गॅलरीत जातो, कॅमेऱ्याची बॅग उघडतो आणि तशीच बंद करतो. कारण मला माहीत आहे. ते लिहून टाकतो.

मी पानांचे फोटो काढतो. कृष्णधवल, अगदी जवळून. वाळलेली, किडीने जाळी केलेली, कुजून नुसत्या शिरा उरलेली पानं. नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात. आठवडाभर पत्रे आणि सळया पाहिल्यावर रविवारी दुसरं काहीतरी बघावंसं वाटतं. जवळच्याच विचुंबे गावात नव्या इमारतींच्या मागे एका म्हातारीच्या परसात दोन आंबे होते. वर्षभर मी तिथे जात होतो. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला बाला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कळायचा, पान कळायचं नाही.

"लोक लग्नाचं फोटू काढतात," ती म्हणायची. "तू कचऱ्याचं काढतंस. बायको काय बोलत नाय?"

"बोलते की."

"मंग बरा हाय."

निघताना तिचा प्रश्न ठरलेला. "आंबं कसं हायत रं?" मी कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर न काढता सांगायचो, "छान आहेत."

दिवाळीनंतर मोठ्या आंब्याच्या खोडाला एक भोक दिसलं. त्यातून भुसा गळत होता आणि खालच्या कुजक्या पानावर रव्यासारखा साचत होता. काळं पान, त्यावर पांढुरके कण. असं चित्र मला वर्षभरात मिळालं नव्हतं. सलग तीन रविवार मी तेवढंच काढत राहिलो. वर शेंड्याची पानं पिवळी पडत होती.

कृष्णधवलमध्ये पिवळं पान आणि हिरवं पान दोन्ही करडीच दिसतात. ही सबब मी स्वतःला बरेच दिवस दिली. ती खोटी आहे. कॅमेरा खाली घेतला की मला रंग दिसत होताच. शिवाय मी कोकणातलाच. खोड पोखरणारं भिरूड लागलं की आंब्याखाली असा भुसा पडतो, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. वेळेवर भोकात तार घालून अळी ओढून काढली, तर झाड वाचतं. पण सांगितलं असतं तर कोणीतरी येऊन भोक खरवडलं असतं, मातीने लिंपलं असतं, आणि माझं चित्र गेलं असतं. त्या तिन्ही रविवारी तिने विचारलं. मी "छान आहेत" म्हणालो.

होळीपर्यंत आंबा वाळला. तिच्या पुतण्याने तो तोडून नेला. "म्हातारा झालता," ती म्हणाली, जणू मलाच समजावत होती. तेव्हापासून मला बसवत नाही.

परवा त्या फोटोची मोठी प्रत घेऊन गेलो. ती ओट्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोललोच नसतो, म्हणून एका दमात. तिने कागद मांडीवर घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. "भोक कुठं हाय?"

मी तिचं बोट धरून तिथे ठेवलं.

"कवा काढलास?"

"दिवाळी झाल्यावर."

"तवा झाड जितं व्हतं."

"हो."

"आनि तू छान बोललास."

"हो, मावशी."

मी उठलो, पुन्हा बसलो. मग तिने कागदाची घडी घातली, अगदी मधोमध, आणि मांडीखाली ठेवली.

"तुजी मशीन हितं ठेव," ती म्हणाली. "धाकला आंबा बग जा. हात लावून बग."

मी कॅमेरा तिच्याजवळ ठेवला आणि गेलो. खोडावरून तळवा फिरवत खाली आलो, बुंध्याजवळची पानं बाजूला केली. चिमूटभर भुसा होता. ताजा, पिवळसर.

"काय हाय?" तिने ओट्यावरून विचारलं.

"भुसा आहे."

"मंग बसलास काय? पडवीत तार हाय, घेऊन ये."