फ्रॉक फक्त पोटावर घट्ट होत होता

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझी मीरा साडेतीन वर्षांची. हल्ली तिचे फ्रॉक पोटावर घट्ट व्हायला लागले, तर पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर खुश. "दिल्लीचं पाणी मानवलं हो पोरीला." मलाही बरं वाटलं.

काल आंघोळीआधी तेल लावताना पोटाच्या डाव्या बाजूला काहीतरी टणक लागलं. दाबलं तर ती हसली. गुदगुल्या म्हणे.

आज सकाळी आर. के. पुरममधल्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी लगेच सोनोग्राफी करायला लावली. किडनीवर गाठ आहे, कॅन्सरची असू शकते. "अच्छा हुआ जल्दी ले आए, इसका इलाज है," त्या म्हणाल्या. "बस, अब पेट दबाकर मत देखना."

ताप नाही, दुखणं नाही. दुपारी वरणभात मागून खाल्ला. मग ही आजारी कशी, यार?

उद्या मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. मघाशी हातापायांना तेल लावलं आणि थांबले, तर तिनेच फ्रॉक वर केला. "आई, पोट राहिलं."

तुम्ही काय सांगितलं असतं तिला?