आत्यांचा हसायचा शॉट

माझ्या सासूबाई याआधी एकदा मेल्या होत्या. टीव्हीवर, साडेसातच्या सिरीयलमध्ये.

आज पहाटे खरंच गेल्या. हार्ट अटॅक.

सकाळपासून लोक फोन करून विचारतायत, "सिरीयलमधलंच न्हवं हे?"
न्हवं. एकदा सांगितलं, आता कृपा करून परत विचारू नका.

आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. तुम्ही त्यांना सुनेचा छळ करणारी ती सासू म्हणून ओळखता.

आठवड्यातून एकदाच सिरीयल लागायची, तेव्हापासून आत्या काम करत होत्या. शेजारीण, नर्स, लग्नाच्या गर्दीतली कुणीतरी बाई. डेली सोप कोल्हापुरात शूट व्हायला लागल्या आणि उतारवयात कुठे मोठा रोल मिळाला.

मंडईत बायका तोंडावर शिव्या घालायच्या. आत्या खूश. काम पोचलं म्हणायच्या.

घरी छळ वगैरे काही नव्हता. पण माझ्या आमटीत मीठ कमी असतं, हे रोज ऐकवायच्या.

मग गेल्या वर्षी त्यांचा ट्रॅक संपला. सासूला मारायचं ठरलं.

त्यांना बीपी होता, म्हणून शूटिंगला मी सोबत गेले. गगनबावड्याच्या रस्त्यावरचं एक गाव. तिरडीचा सीन. नाकात कापूस, गळ्यात हार, आजूबाजूला रडणाऱ्या बायका.

शॉट ओके झाला आणि घाटाकडून आभाळ काळंभोर होऊन आलं. पॅकअपची आरडाओरड सुरू झाली. कॅमेरा पेटीत गेला.

आत्या तिरडीवरून उठेनात.

मी पळत गेले. श्वास चालू होता.

"हसायचा शॉट राहिलाय," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

सेटवरची रीत आहे ही. मरणाचा सीन झाला की नटानं उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं. मगच पॅकअप. अपशकुन नको म्हणून.

डिरेक्टर नवीन होता, मुंबईचा. असलं काही लागत नाही म्हणाला, कॅमेरा भिजेल म्हणाला. आत्या हलल्या नाहीत.

वारा सुटला. तिरडीवरची फुलं उडायला लागली. सगळं युनिट नुसतं उभं. बीपीची गोळी माझ्या मुठीत घामानं विरघळत होती.

मी वाकून कानात म्हटलं, "आत्या, उठा. आपण बौद्ध माणसं. आपण कधीपासून शकुन-अपशकुन मानायला लागलो?"

"मी न्हाई मानत. पर चिऊ रोज बघती की सिरीयल. आजी आडवी पडलीया, मानसं रडत्यात. तिला काय सांगनार हाईस तू?"

चिऊ माझी लेक. तेव्हा चार वर्षांची होती.

 मग मी डिरेक्टरवर असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की कॅमेरामननं त्याला न विचारताच पेटी उघडली.

टपोरे थेंब पडायला लागले होते. आत्या उठून बसल्या. कापूस काढला. कॅमेऱ्यात बघून हसल्या.

"चिऊ, उठली बघ आजी."

तेवढं मी मोबाईलवर घेतलं.

तो एपिसोड लागला तेव्हा चिऊ रडून रडून लाल झाली. लगेच क्लिप दाखवली. तिनं टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या आत्यांनी पण वाजवल्या. पुढे कितीतरी दिवस घरात तोच खेळ चालायचा. आजी मेली, आजी उठली.

आज दुपारी आत्यांना हॉलमध्ये ठेवलं होतं. माणसं जमली होती. त्रिशरण म्हणायला सुरुवात होणार, एवढ्यात चिऊ माझा मोबाईल घेऊन आली. क्लिप लावली आणि स्क्रीन आत्यांच्या तोंडासमोर धरली.

"आजी, तुझा हसायचा शॉट राहिलाय."

परत सगळे नुसते उभे. क्लिप संपली. तिनं पुन्हा लावली.

ती वाट बघत होती. खरं सांगते, मीही बघितली.

मग ती माझ्याकडे वळली. "मम्मी, आजी उठंना की."

मी तिला पोटाशी धरलं. 

आत्या, त्या दिवशी तिरडीवरून तुम्ही मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला आजही येत नाही.

पण आता तुम्ही उठू नका. लई दमलाय. जावा निवांत.

चिऊला काय सांगायचं, ते माझं मी बघते.