चपला सुखरूप होत्या

परदेशात आमच्या घरचे सगळे पैसे आणि सगळी कार्डं मी स्वतःच्या हाताने एका फुलवालीच्या स्टुलावर ठेवली आणि देवदर्शनाला निघून गेले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर नात सांगेल, आणि ती तिखट-मीठ लावून सांगते.

तेव्हा मी पासष्टीची, म्हणजे अगदीच अल्लड. सूनबाई पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात. तिने पै-पै जोडून मला, मुलाला आणि नातीला बँकॉकला नेलं. मुलगा म्हणाला होता, "आईला झेपेल का?" ती म्हणाली, "आई येणार." बस्स! त्या दोन शब्दांवर मी विमानात चढले, आणि चढताच कारभार हाती घेतला. चार पाकिटं चार खिशांत कशाला? सगळ्यांचं सगळं माझ्या पिशवीत. पासपोर्टही मागितले, पण सूनबाईने ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवले. "परक्याच्या तिजोरीचा काय भरवसा?" असं मी दिवसभर पुटपुटत राहिले.

देवळाबाहेर चपला काढायच्या होत्या. देवासच्या देवीच्या टेकरीवर चढण्यात जन्म गेलेला. चपला कशा जपाव्यात हे मला कोण शिकवणार? एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. चोराला जोडी लागते! मग फुलवालीकडून कमळाच्या कळ्या घेतल्या. आमच्याकडे ज्याच्याकडून नारळ-प्रसाद घ्यावा, तोच सामान सांभाळतो. टेकरीचा कायदा तिथेही लागू असणारच की. पिशवी स्टुलावर ठेवून म्हटलं, "बाई, जरा ध्यान रखना हां." ती हसली, तिने हात जोडले. मला वाटलं, झालं पक्कं.

बाहेर आलो तर स्टूल रिकामं. ती बिचारी गिऱ्हाइकांत गुंतलेली. माझं बोलणं तिला कळलंच नव्हतं. काय झालं ते खाणाखुणांनी समजल्यावर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि कळ्यांचे पैसे तिने माझ्या मुठीत कोंबले. आमच्याकडे उरले ते तेवढेच.

माझ्या चपला मात्र दोन टोकांना जागच्या जागी.

मुलगा खवळला. "आई, तुला घरीच…"

"आधी कार्डं बंद करा," सूनबाईने त्याला तोडलं. कार्डं बंद झाली, पोलिसांत तक्रार झाली, मग तिने माहेरी धारला भावाला फोन लावला. मी कासावीस. "अगं, तुझ्या आईला नको हं कळू देऊ!"

पण तो फोनवर ओरडूनच बोलतो. "ताई, टेन्शन मत ले. मी इथून पैसे पाठवतो, तू पासपोर्ट दाखव आणि घे." मागून विहीणबाईंचा आवाज आला, "आधी विचार रे, विहीणबाई जेवल्या का?"

पासपोर्ट तिजोरीत होते, म्हणून पैसे हातात पडले. माझं पुटपुटणं तिथेच बंद झालं. समुद्राची महागडी सहल राहिली. त्याऐवजी नदीतल्या साध्या बोटीतून आम्ही दोनदा फिरलो, आणि नातीला तीच जास्त आवडली.

परतताना विमानात सूनबाई खर्चाचा हिशेब लिहीत बसली. मला एकच धास्ती: आता ही मला घराजवळच्या हाटपिपल्याच्या देवळापर्यंतसुद्धा नेणार नाही. शेवटी मीच विचारलं, "रागावलीस का गं?"

तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, पुढच्या वेळी चपला त्या बाईकडे द्या, आणि पैसे दोन टोकांना ठेवा."