न बोलावलेली परी

नातीच्या बॅलेच्या क्लासला मी जायची ती निव्वळ घरात बसवत नव्हतं म्हणून. कॅनडात, आमच्या कोक्विटलामला एकदा पाऊस लागला की थांबायचं नाव नाही, आणि आमच्या बेसमेंटच्या खिडकीतून दिसायचं काय, तर शेजाऱ्याच्या गाडीची चाकं. त्यापेक्षा तिथं भिंतीशी बसून पोरींचे पाय बघितलेले बरे.

त्या वर्षी त्यांनी शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येचा बॅले बसवायला घेतला. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. राजाच्या लेकीचं बारसं, सगळ्या पऱ्यांना आमंत्रण, आणि एका म्हाताऱ्या परीला तेवढं वगळलेलं. मग ती आपली आपणच येते आणि शाप देते. गोष्ट फ्रान्सची, पण बॅले म्हणून ती रशियात बसवली, झारच्या काळात, असं नातीच्या टीचरने मला सांगितलं. या म्हातारीचं काम पहिल्यांदा चक्क एका पुरुषाने केलं होतं म्हणे. मी म्हटलं, त्यात काय नवल, आमच्याकडेही नाटकात पुरुषच लुगडं नेसून उभे राहायचे. आणि या परीला फारसं नाचायचं नसतं हो. ती हातांनी बोलते. दोन्ही मुठी करून मनगटं एकावर एक आडवी मारली, की "मरण".

ते काम करणाऱ्या बाई पार्किंग लॉटमध्ये घसरल्या, पाय मोडला. टीचर माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कर. तुझे डोळे बोलतात."

सून खुदकन हसली. मी नाही हसले. कारण दरबारातली मोठ्यांची कामं पोरींचे आईबाप करत होते, आणि राणी कोण होती ते मला माहीत होतं.

ती आमच्याच मराठी मंडळातली. संक्रांतीला तिच्या घरी हळदीकुंकू होतं. सुनेबरोबर मीही गेले. आमचे हे जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दारातच, सगळ्यांदेखत ती म्हणाली, "काकू, तुम्ही खाली पोरांजवळ बसा हं, टीव्ही लावून देते." आवाज असा गोड, की जणू वाणच देतेय. वर बांगड्या वाजत होत्या, हशा चालला होता. मला खाली कागदी प्लेटमध्ये तिळगूळ आला, तोही एका पोरीच्या हाती.

परत येताना सून म्हणाली, "सोडा हो आई, त्यांच्याकडे पद्धत आहे."

का सोडावं? असली पद्धत मी देशात पुष्कळ पाहिली. पण दोन-दोन डिग्र्या घेऊन, विमानात बसून एवढ्या लांब यायचं, आणि बॅगेत हेच भरून आणायचं?

बॅलेत राणीने त्या परीपुढे गुडघे टेकून माफी मागायची असते. ही बया रिहर्सलला नुसती वाकल्यासारखं करायची. "काकू, गुडघा दुखतो ना माझा."

"असू दे गं," मी म्हणायची. अगदी मायेने.

शो दुपारी होता. मंडळाच्या सगळ्या बायका पुढच्या रांगेत. मी काळा झगा घातला आणि विंगेत उभी राहून बोटाला कुंकू माखलं. बाहेर आले ते आधी आमंत्रण विसरणाऱ्या कारभाऱ्याचा टोप उपटला. लोक हसले. मग राणी पुढे आली आणि नेहमीसारखी अर्धवट वाकली.

मी हललेच नाही. म्युझिक पुढे चाललं.

"काकू, म्युझिक!" ती पुटपुटली.

"टेक," मी म्हटलं.

टेकले तिने. दोन्ही गुडघे. मी तिची हनुवटी धरून वर उचलली आणि कपाळावर कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं. मग पाळण्याकडे वळून मनगटं आडवी मारली. पाळण्यात बाहुली होती, म्हणून हात कचरले नाहीत.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, शापाचाच भाग. पुढच्या रांगेला मात्र बरोबर कळलं. ठेवावं तर विधवेच्या हातचं, पुसावं तर सवाष्णीने आपल्या हाताने पुसायचं! उरलेला सगळा बॅले ती तशीच सिंहासनावर बसून राहिली.

नंतर वॉशरूममध्ये ती आरशासमोर टिश्यू घेऊन उभी. डोळ्यांत पाणी.

"मुद्दाम केलंत तुम्ही."

"मग? ती परी काय चुकून येते?"

"सगळ्यांसमोर, काकू?"

"तूही सगळ्यांसमोरच खाली पाठवलंस. आता पूस की. इथं कोण बघतंय?"

टिश्यू कपाळापर्यंत गेला आणि थांबला. तेवढ्यात बाहेर मंडळाच्या बायकांचे आवाज आले. तिने टिश्यू चुरगळून डब्यात टाकला आणि तशीच, कुंकवासकट, त्यांच्यात गेली.

मी बोटाचं कुंकू धुतलं, ड्रायरखाली हात धरले आणि अगदी सावकाश वाळवले.