पायाकडे बघू नका

जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, पण सगळे त्यांना चिमटेमामा म्हणायचे. मागचे पाय लुळे पडलेलं कुत्रं-मांजर आलं की डॉक्टर म्हणणार, “मामा, बघा जरा,” आणि मामा चिमट्यानं पायाचं बोट करकचून दाबणार. एकतीस वर्षं हेच! गुडघे कुरकुरायचे, पाठ धरायची, पण खरा जीव शिणायचा तो मालकांमुळे.

कारण पाय झटकन मागे ओढला जायचा आणि मालक हरखून ओरडायचा, “ओढला! ओढला की हो मामा!” मग मामांचं तेच पुराण सुरू. पाय ओढायचा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो. खालचा कारकून सही करून मोकळा. वरच्या साहेबाला, म्हणजे मेंदूला, कागद पोचला की नाही, ते देव जाणे. वाटेत कणा तुटलेला असेल तर पाय उडतो, पण जनावराला पत्ताच नसतो.

“पायाकडे बघू नका, तोंडाकडे बघा. कळलं तर मान वळवेल, केकाटेल, मला चावायला येईल. चावलं तर सगळ्यात आधी मीच नाचेन!”

घरी जेवतानाही हेच. बायको म्हणायची, “पाठ झालंय मला. जेवा आता, गार होतंय.”

आणि मग ठमीलाच टेम्पोची धडक बसली. ठमी म्हणजे मामांची कुत्री, नऊ वर्षांची, नावाप्रमाणेच ठेंगणी. रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत त्यांना आणायला जायची. डॉक्टर म्हणाले, “कण्याला सूज असेल, दहा दिवस बघू. तोवर तिला पायातलं काही कळायला लागलं नाही, तर मामा, उगाच हाल नकोत तिचे.”

दहा दिवस नवरा-बायकोनं आळीपाळीनं तिची कूस बदलली. पोट दाबून लघवी करवली, खालची चादर बदलली. तरी कमरेला जखमा झाल्याच. बायकोचे डोळे खोल गेले होते. मामांना तर जिना चढताना मधेच बसावं लागायचं.

दहाव्या दिवशी ठमीला टेबलावर ठेवलं. बायकोनं तिचं डोकं कुशीत घेतलं. डॉक्टरांनी चिमट्याकडे हात नेला, तर मामा म्हणाले, “नको, मीच करतो.”

त्यांनी बोट दाबलं. पाय ओढला गेला, चांगला जोरात.

“ओढला!” मामा ओरडले. “डॉक्टर, ओढला की हो!”

मामांनी घाईघाईनं दुसरा पाय धरला. “हाही! अगं बघ ना, हाही ओढला!”

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “तोंडाकडे बघा.”

ठमी निवांत बायकोचं मनगट चाटत होती.

मामांनी पुन्हा दाबलं. त्यांची स्वतःची बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलं. मग चिमटा ठेवून दिला, टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि ठमीच्या तोंडासमोर हात धरला.

“चाव गं,” ते म्हणाले. “एकदा चाव मला.”

त्यांचा आवाज ऐकून ठमीनं मान उचलली आणि तो हात चाटायला लागली.